निर्धास्त बंदर

महेनचा ट्रॉलर वादळातून परतला नाही, ही बातमी आली तेव्हा रसिका कुबल अंगणात सोडे निवडत बसली होती. बातमी ऐकून ती "बरा" म्हणाली आणि सुपात राहिलेले सोडे तिने निवडून संपवले. महेन तिचा नवरा.

बातमी घेऊन आलेले आपा मालंडकर म्हणजे शिरसोल बंदरातल्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. ते पायरीवर टेकले. त्यांनाही कसली घाई दिसत नव्हती.

"महेन, दिगू धुरी आणि बाबल, तिघे होते," आपा म्हणाले. "रेडिओ बंद आसा. शोधूक विमानां गेली हत."

"चाय ठेवू?"

"ठेव."

दोघांनी चहा घेतला. यंदा बर्फाची गाडी उशिरा येते, यावर थोडं बोलणं झालं. मग आपा उठले आणि दिगूच्या घरी, त्याच्या बायकोला, तन्वीला, हेच सांगायला गेले.

परक्या माणसाने हे पाहिलं असतं तर तो चक्रावून गेला असता. पण शिरसोलात त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. रसिकेच्या डाव्या कानामागे, केसांच्या आड, टिकलीएवढं राखाडी बटण होतं. तसंच आपांच्या कानामागे होतं. महेनच्या, दिगूच्या, बाबलच्या आणि तन्वीच्याही.

बंदरातलं पहिलं बटण मात्र रसिकेचं.

ती कॉलेजात असताना तिचे वडील समुद्रात गेले ते परत आलेच नाहीत. पुढे लग्नही दर्यावर जाणाऱ्या माणसाशीच झालं. महेनची होडी खाडीचं तोंड ओलांडून गेली की रसिका दारात पाण्याचा तांब्या ठेवायची आणि चौकटीला हात लावायची. एवढंच. असलं काहीतरी बंदरातल्या सगळ्याच बायका करत. पण रसिकेचं ते वाढत गेलं. तांब्या ठेवायच्या आधी हात धुवायचे, धुताना मनात दुसरा विचार आला तर पुन्हा धुवायचे, चौकटीच्या दोन्ही बाजूंना सारखाच हात लागला पाहिजे, नाही लागला तर पहिल्यापासून. हाताची सालं निघाली. सुक्या मासळीचा चालता धंदा बंद पडला. महेन समुद्रात असताना चूल पेटेनाशी झाली. शेवटी महेनच तिला रत्नागिरीला डॉक्टर शाल्मली बर्वे यांच्याकडे घेऊन गेला.

डॉक्टर बाई मेंदूवर संशोधन करणाऱ्या होत्या. त्यांनी रसिकेला वेडी ठरवलं नाही. उलट म्हणाल्या, "तुम्ही जे करता ते माणसापेक्षा जुनं आहे."

आणि त्यांनी समजावून सांगितलं. समोर साप दिसला तर काय करायचं हे प्राण्याला कळतं. पळायचं. पण पाचोळ्यात नुसती सळसळ झाली आणि साप दिसलाच नाही, तर? पळायचं तरी कुठे? अशा न दिसणाऱ्या संकटासाठी मेंदूत एक वेगळी साखळी तयार झाली. बघ, हुंग, साफ कर, मांडून ठेव, पुन्हा बघ. अनोळखी पिंजऱ्यात सोडलेला उंदीर ठरावीक वाटेनेच फिरतो, ठरावीक जागीच थांबतो. लाखो वर्षांत ज्यांनी ही उस्तवार केली ते जरा जास्त जगले, आणि आपण त्यांचे वंशज. "धुणं, रेघ ओढणं, उंबरा जपणं, ठरल्या क्रमाने करणं, हे सगळ्या जगातल्या विधींमध्ये सापडतं, कारण ते एकाच जागेतून येतं. हात आधीपासून हे करत होते. देव मागाहून आले."

"मग माझंच एवढं का झालं?"

"साखळीला थांब म्हणणारा एक खटका असतो. तुमचा पडत नाही. तो आम्ही बाहेरून पाडू शकतो."

कातडीखाली एक मणी आणि त्यावर लोहचुंबकाने चिकटणारं बटण. बटणातून हलके विजेचे ठोके जातात आणि साखळी गप्प होते. त्याला नाव दिलं होतं 'निर्धास्त'. विधींना आणखी एक मूळ असतं, हेही डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. ते एकट्याचं नसतं, जमावाचं असतं. एका तालात पाय टाकणं, एका सुरात ओरडणं. ज्या टोळ्या एकत्र हलायच्या त्या एकमेकांसाठी जीवही टाकायच्या. "पण ते मेंदूत भलतीकडेच आहे. आमचं बटण त्याला हात लावत नाही," डॉक्टर म्हणाल्या होत्या. रसिकेने ते कानाआड केलं. तिला फक्त हात धुणं थांबायला हवं होतं.

ते थांबलं. महेन समुद्रात असताना ती पहिल्यांदा पोटभर जेवली आणि गाढ झोपली. धंदा पुन्हा उभा राहिला. महेन लोकांना कौतुकाने सांगायचा, "माझी बायको माका परत गावली."

तिचं पाहून बाकीचे आले. दर्यावर झोप उडालेले, पोटात गोळा येणारे, रागावर ताबा नसलेले. मग योजना निघाली आणि किनाऱ्यावरच्या सगळ्या खलाशांना बटणं मिळाली. झोप चांगली लागायला लागली, त्यामुळे चुका कमी झाल्या, भांडणंही कमी झाली. मागोमाग त्यांच्या बायकांनीही लावून घेतली. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देताना पूर्वी पाय ठेवायला जागा नसायची. बटणं आली त्या वर्षी आपा एकटेच जाऊन तो सोडून आले. दुसऱ्या वर्षी त्यांना वेळ झाला नाही. मासेमारीचा हंगाम सुरू होताना धक्क्यावर देवाला गाऱ्हाणं घालायची पद्धत होती. एकाने देवाला साकडं घालायचं आणि सगळ्यांनी मिळून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तेही राहिलं. कुणी बंद केलं नव्हतं. मागण्यासारखं काही उरलं नव्हतं, एवढंच.

वादळ गेल्यावर रसिका रोज सोसायटीच्या ऑफिसात जाऊन बसत होती. तिथे पडद्यावर समुद्राचा नकाशा लावलेला होता. शोधाचा जो प्रोग्रॅम होता तो वारा, प्रवाह आणि पाण्याची उष्णता धरून माणूस जिवंत सापडण्याची शक्यता काढायचा. ती एका हिरव्या पट्ट्याने दाखवली जायची. पट्टा आखडत गेला, पिवळा झाला, मग नुसती रेघ उरली.

"शोध थांबवतत," आपांनी कागद वाचल्यासारखं सांगितलं. "आता अर्थ नाय म्हणतत."

ऑफिसात बंदरातली बरीच माणसं होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. हिशेब बरोबरच होता. तन्वी रसिकेच्या शेजारी बसली होती, जेमतेम पस्तिशीची. ती म्हणाली, "दिगूचे शर्ट चांगले हत. कोणाक तरी देऊक व्हये." कुणीतरी म्हणालं, हो, आश्रमशाळेत विचारू. मग माणसं पांगली.

रसिका मात्र उठली नाही. तिला दुःख झालं नव्हतं. होत नव्हतं, हेच तिच्या लक्षात आलं होतं. जिन्यात पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं काहीसं. तिने डोक्याने विचार केला, कारण तेवढंच तिच्या हातात होतं. पूर्वीची रसिका इथे असती तर? ती कामाची नव्हती, आजारी होती, हे खरं. पण तिने या माणसांना असं पांगू दिलं नसतं.

तिने घरी येऊन डॉक्टर बर्व्यांना फोन लावला.

"बटण काढलं तर किती वेळात उतरतं?"

"तीन-चार तास. पण आत्ता काढू नका, रसिकाताई. मला कळलंय तुमच्याकडचं. इतक्या वर्षांचं थांबलेलं एकदम येईल. त्यात हे असं. का काढताय?"

"मला घाबरायचंय, डॉक्टर."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"तुम्ही लावता?" रसिकेने विचारलं. तिला खरोखरच माहिती हवी होती.

"नाही," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "माझी मुलगी लहान आहे."

"म्हणजे?"

"न दिसणाऱ्या संकटाची भीती असते ना, ती स्वतःसाठी वाटते तशीच नजरेआड असलेल्या आपल्या माणसासाठीही वाटते. जागा एकच आहे. आम्हाला हे उशिरा कळलं. अहवालात लिहिलंय मी." त्या थांबल्या. "अहवाल कोण वाचतं?"

रसिकेने फोन ठेवला आणि कानामागून बटण ओढलं. टक् असा बारीक आवाज झाला. तिने ते खिडकीत ठेवलं आणि भात लावला.

भात झाला. काहीच झालं नाही. भांडी घासली. काहीच नाही. दुपार कलायला लागली तेव्हा मागच्या दोरीवर महेनची लुंगी वाळताना तिला दिसली, आणि ती आत घ्यावी की तशीच राहू द्यावी हे तिला ठरवता येईना. आत घेतली तर काहीतरी होईल. नाही घेतली तरी होईल. तिने लुंगीला हात लावला, काढला, पुन्हा लावला. मग तिचे दात वाजायला लागले.

ते काय होतं हे तिला नीट माहीत होतं. जुनी ओळख होती. तिने हात धुतले. पुन्हा धुतले. तांब्या भरला, दारात ठेवला, पाणी हिंदकळलं म्हणून ओतून दिलं, पुन्हा भरला. चौकटीला हात लावताना तिला महेन दिसला. पाण्यात. चार दिवस पाण्यात. तो पाण्यात होता आणि ती सोडे निवडत होती. तिच्या तोंडून असा आवाज निघाला की शेजारची माणसं दारात आली. ती सगळी शांतपणे तिच्याकडे पाहत उभी राहिली.

ती अनवाणी धक्क्यावर धावली. तिथे आपा होते, जाळी शिवणारे खलाशी होते, बर्फ फोडणारे होते.

"होडये काढा!" ती ओरडली. "आपा, होडये काढा!"

"अगो, हिशेब झालो मां," आपा समजुतीने म्हणाले. "उगाच कित्याक जावचा? बटण खंय तुझा?"

खलाशीही समजुतीनेच बघत होते. कुणी रागावलं नाही, कुणी हसलं नाही. त्यांना सांगण्यासारखा एकही मुद्दा तिच्याजवळ नव्हता. मग तिने मुद्दा सोडला. समुद्राकडे तोंड केलं, हात जोडले आणि लहानपणी वडिलांच्या मागे उभी राहून ऐकलं होतं तसं गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. बायका गाऱ्हाणं घालत नसत. तिला ते पूर्ण येतही नव्हतं.

"बा देवा म्हाराजा! शिरसोलच्या राखणदारा! आज तुझी लेकरां तुका हाक मारतत, म्हाराजा!"

लाट धक्क्यावर आपटून मागे गेली.

"आमचे तिघे तुझ्या दर्यात रवले हत, म्हाराजा! तेंका धरून ठेव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आपा म्हणाले.

म्हणाले आणि स्वतःच दचकले. त्यांना काही वाटलं म्हणून ते बोलले नव्हते. आयुष्यभर त्या जागी ते शब्द आले होते, म्हणून जीभ हलली होती. रसिकेने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिचा आवाज फाटला होता.

"महेन कुबल, दिगंबर धुरी, बाबल, तिघांका वाट दाखव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा." आता चार-पाच आवाज होते.

"आणि जे कोण तेंका आणूक जातले, तेंच्या पाठीशी उभो रव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी सगळा धक्का बोलला. जाळी शिवणारे उठून उभे राहिले होते. त्यांच्या चेहऱ्यावर ना भीती होती ना भक्ती. नुसता एक गोंधळ होता, न विचारता पाय ताल धरायला लागले की होतो तसा. रसिका थांबली नाही. जे सुचेल ते मागत गेली, आणि दर वेळी उत्तर आधीपेक्षा एकत्र येत गेलं. शेवटी आपांनी टोपी काढून कमरेला खोचली.

"डिझेल भरा रे," ते म्हणाले.

सूर्य मावळायच्या आत शिरसोलच्या होड्या खाडीबाहेर पडल्या. का जातोय, असं कुणी कुणाला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या परतल्या. प्रोग्रॅमने दाखवलेल्या जागेच्या बऱ्याच उत्तरेला महेनचा ट्रॉलर उलटा तरंगत होता. पाठीवर महेन आणि बाबल होते, दोघेही जिवंत. दिगू नव्हता.

महेनची कातडी मिठाने फुटली होती, पण तो चालत घरी आला. रसिकेने त्याला घट्ट धरलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवला. ती रडत राहिली. महेनने तिच्या पाठीवर थोपटलं.

"अगो, होय. इलंय मां मी." मग त्याला तिच्या कानामागची रिकामी जागा दिसली. "ह्या कित्याक काढलंस? परत आजारी पडशीत."

त्याचं बटण मात्र जागच्या जागी होतं. समुद्राने काढलं नव्हतं. बाबलचं पहिल्याच लाटेत गेलं होतं. महेन भात खाता खाता सांगत होता. बाबलने डोकं खाल्लं. रात्रंदिवस ट्रॉलरच्या तळाला चाकूने ठोकत होता, ठरलेले ठोके, चुकले की पुन्हा पहिल्यापासून. होड्यांनी तोच आवाज ऐकला म्हणे. "बरा झाला म्हणा."

"आणि दिगू?"

"दिगू काल गेलो. सकाळी."

रसिकेने वाढायला उचललेला डाव परत पातेल्यात ठेवला. काल सकाळी. म्हणजे ऑफिसात सगळे माना डोलवत होते तेव्हा.

"कसो?"

"माझ्या बाजूकच होतो, सुकाणूक धरून. बोटां सुटत होती तेची. बघी होतंय मी." महेनने आमटी ओतून घेतली. "हात लांब केलो असतो तर गावलो असतो. पण माका वाटला, आपणच धरीत. भिलंय असा नाय. तसा काय वाटलाच नाय."

बोलण्यात लपवाछपवी नव्हती. वाऱ्याची दिशा सांगावी तसं तो सांगत होता. रसिका त्याच्याकडे पाहत राहिली. लहानपणापासून दिगू आणि तो एका होडीवर वाढले होते. लग्नात दिगू त्याच्या मागे उभा होता.

"महेन," ती म्हणाली, "काढ ता बटण. माझ्यासाठी."

महेनने घास खाली ठेवला. बराच वेळ विचार केला, कारण विचार त्याला करता येत होता.

"काढलंय तर काय होतला, ता माका कळता," तो म्हणाला. "ती बोटां दिसत रवतली. मरेपर्यंत. नको गो." आणि पुन्हा जेवायला लागला.

त्याला दोष द्यावा तर कशाचा, हे तिला समजेना. मेलेला माणूस घरी आला असता तरी तिने त्याला आनंदाने घरात घेतलं असतं. हा जिवंत आला होता. त्याच्या ताटात तिने भात वाढला, आणि तो झोपल्यावर ती उठून तन्वीकडे गेली.

तन्वीने मासळी वाळत घातली होती. दिगूचे शर्ट घड्या करून खुर्चीवर ठेवलेले होते. रसिकेला ते दिसले आणि ती दारातच खाली बसली. तन्वीने येऊन तिला धरलं, पाणी दिलं, पदराने तिचं तोंड पुसलं.

"रडा नको, वहिनी. तुमचो माणूस इलो मां."

नवरा गेला होता तिचा, आणि ती रसिकेची समजूत घालत होती. रसिकेला रडणं आवरेना, आणि आपण हिच्या वाट्याचं रडतोय असं वाटून लाजही वाटली.

"महेनदादा काय म्हणाले?" तन्वीने विचारलं. "कसो गेलो ता सांगल्यानी?"

"सांगल्यान."

"मग सांगा."

रसिकेने मान हलवली. "आता सांगलंय तर तू 'बरा' म्हणशीत. आणि शर्ट देऊक जाशीत. पयला ता काढ. मगे सगळा सांगतंय. काय लपवुचंय नाय."

तन्वीचा हात कानामागे गेला आणि तिथेच राहिला.

"दुखता?"

"होय."

"खूप?"

"होय, तन्वी."

तन्वी अंगणातल्या मासळीकडे बघत राहिली. एक कावळा आला, तिने त्याला हाकललं. "मी काढलंय नाय तर चलात मां?" तिने विचारलं. तेही खरंच विचारलं होतं.

"चलात. कोण तुका काय बोलुचो नाय."

"किती वेळ लागता?"

"दिवेलागणीपर्यंत."

"थांबशात तोवर?"

"थांबतंय."

टक् असा आवाज झाला. तन्वीने बटण शर्टांच्या घडीवर ठेवलं आणि रसिकेच्या शेजारी पायरीवर येऊन बसली. ऊन अंगणातून सरकत कुंपणापर्यंत गेलं. मधेच तन्वीने विचारलं, "ह्याच काय ता?" रसिका म्हणाली, "नाय. अजून नाय."

मग बऱ्याच वेळाने तन्वी उठली. "मागच्या दाराची कडी लावलेली आसा मां, बघून येतंय," म्हणाली. आत गेली, आली, बसली. क्षणभराने पुन्हा उठली आणि कडी बघायला गेली. परत आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. ती बसली नाही. उंबऱ्याशी उभी राहून तिने चौकटीवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला आणि तिसऱ्यांदा आत वळली.

 तिला जायला वाट मिळावी म्हणून रसिकेने पाय जवळ घेतले.